आजोबांच्या पेटीतली 'व्हेरी रेअर' शिवराई

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

या वेळी पत्रांचा ढीग सगळा एकाच विषयाचा आहे. ऑनलाइन लिलावात जुनी नाणी, घड्याळं, तिकिटं घेतली आणि वर्णन एक, हातात आलं भलतंच. सगळी पत्रं छापायची तर अंकात दुसरं काही मावणार नाही, म्हणून निवडक घेतलीत, आणि नावं कुणाचीच टाकत नाही कारण दोघा-तिघांनी "घरी कळता कामा नये" असं खास खाली अधोरेखित करून लिहिलंय.

प्रश्न (ऐरोली): ताई नमस्कार, मी एका लिलावाच्या ॲपवर ६,२०० रुपयांना शिवराई (महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) घेतली. लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं, "छत्रपती शिवाजी महाराज शिवराई, १०० टक्के ओरिजिनल, व्हेरी रेअर, आजोबांच्या पेटीत सापडली." ऑफिसमधल्या एका जाणकाराला दाखवली तर तो म्हणाला ही दुदांडी आहे, महाराजांच्या काळातली नाहीच, शे-दोनशेला मिळते. सेलरला विचारलं तर तो उलट मलाच म्हणतो की मी कुठे खोटं बोललो. खरंच तो खोटं बोलला नाही का?

उत्तर: वाईट वाटेल, पण नाही बोलला. एकेक शब्द सुटा करून बघा. 'ओरिजिनल' म्हणजे नाणं त्या काळी खरंखुरं पाडलेलं आहे, आत्ता कुणी ओतलेलं नाही, आणि दुदांडीसुद्धा ओरिजिनलच असते. 'व्हेरी रेअर' हा शब्द तर वडापावच्या गाडीवरच्या 'स्पेशल'सारखा झालाय, सगळेच स्पेशल. 'आजोबांच्या पेटीत' याला काही पुरावा लागत नाही, आणि मला नेहमी गंमत वाटते की या सगळ्या सेलर लोकांच्या आजोबांकडे पेटी होतीच, एकाच्याही आजोबांकडे नुसती वळकटी नव्हती.

राहिलं 'छत्रपती शिवाजी महाराज शिवराई'. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं हे तुम्हाला माहीत आहेच, पण महाराजांच्या नंतरही हाच मजकूर ठेवून थेट पेशवाईपर्यंत शिवराया पाडल्या गेल्या आणि लोकांच्या हातात तर त्या इंग्रजी अमदानीतही फिरत होत्या. म्हणजे नाणं महाराजांच्या नावाचं आहे हे खरं, महाराजांच्या काळातलं आहे ही वेगळी गोष्ट, आणि ही दुसरी गोष्ट त्याने कुठेच लिहिलेली नाही, ती तुम्ही वाचलीत. मीही वाचली असती हो, महाराजांचं नाव दिसलं की आपला हात आधी खिशाकडे जातो आणि मग डोक्याकडे.

दुदांडी ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. नाणं उजेडात आडवं धरा, मजकुराच्या दोन ओळींच्या मधे दोन आडव्या समांतर रेघा गेलेल्या दिसतील, त्या दोन दांड्या म्हणून दुदांडी. आता ती लिस्टिंग परत उघडून फोटो बघा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये 'श्री राजा शिव'ची बाजू लख्ख आहे आणि रेघांची बाजू नेमकी तिरपी, वर फ्लॅशचा पांढरा डाग. हात हलला असेल असं म्हणायला मी तयार आहे, पण त्याच माणसाच्या बाकी चौदा नाण्यांचे फोटो दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहेत हे मी बघून आलेय.

पुढच्या वेळी बोली लावायच्या आधी ॲपमधल्याच चॅटमध्ये सरळ विचारायचं: "ही शिवकालीन आहे का? दुदांडी नाही ना? दोन्ही बाजूंचा वरून घेतलेला फोटो आणि वजन द्या." फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही, ॲपमधेच, कारण तिथे लिहिलेलं उत्तर वर्णनाचाच भाग म्हणून दाखवता येतं. 'हो शिवकालीन' असं लेखी आलं की तो माणूस शब्दाला बांधला गेला. बहुतेक वेळा मात्र उत्तर येतं "मला नाण्यातलं फारसं कळत नाही, आहे तसं विकतोय", आणि त्याच्या प्रोफाइलला तीनशे नाणी विकल्याची नोंद असते. हे उत्तर आलं की मी तो लॉट, म्हणजे लिलावातली ती वस्तू, सोडते. ज्याला तीनशे नाणी विकून कळत नाही त्याच्याकडून घ्यायचं तरी कशाला?

होनाचं तर विचारूच नका. खरा शिवकालीन सोन्याचा होन अगदी मोजका उपलब्ध आहे, आणि पितळेवर सोन्याचं पाणी दिलेल्या प्रतिकृती मात्र आठवण म्हणून सर्रास विकल्या जातात. प्रतिकृती म्हणून विकणाऱ्याचं काहीच चुकत नाही, चार हात फिरल्यावर वर्णनातला 'प्रतिकृती' शब्द गळतो तिथे घोळ होतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): पंचम जॉर्जचा आणि सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया लिलावात घ्यायचा विचार आहे. सेलर लिहितो "चांदी गॅरंटी, वजन परफेक्ट". एवढं पुरे आहे का?

उत्तर: चांदीपुरतं पुरे, किमतीपुरतं अजिबात नाही. मी स्वतः यात पोळलेय म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या काळचा चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी अर्ध्यावर आणली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, त्यामुळे '१९४७ चांदीचा रुपया' असं कुणी लिहिलं की तिथेच पान बंद करायचं. घरी नाणं आल्यावर तपासायला सोनारी छोटा डिजिटल काटा घ्या, दोन दशांशांचा. वजन तर बघाच, पण त्याच काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. १९४० च्या आधीच्या रुपयाचा आकडा साधारण १.१३ वर यायला हवा. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की दहाच्या थोडं वर उत्तर येतं, ती चांदी. साडेआठ-नऊच्या आसपास आलं तर तांबं, पितळ नाहीतर जर्मन सिल्व्हर समजा, आणि जाता जाता सांगते की जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. घासून गुळगुळीत झालेला रुपया थोडा हलका भरतो, त्याने घाबरू नका.

आता माझी गोष्ट. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे आणि १९३८ चा त्या मानाने सहज मिळतो. मला लिलावात १९३९ दिसला, वर्णनात "चांदी गॅरंटी, वजन परफेक्ट" हेच शब्द, मी रात्री साडेअकराला बोली लावून घेतला आणि आला तेव्हा वर सांगितलेलं सगळं करून बघितलं. वजन बरोबर, पाण्यातला आकडा बरोबर, कडेचे दाते एकसारखे, टिचकी मारली तर छान लांब आवाज. मी आठवडाभर हवेत. मग जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या संग्राहक काकांना दाखवला, त्यांनी दहापट भिंगाखाली धरला आणि काही न बोलता भिंगासकट माझ्याकडे सरकवला. शेवटच्या ९ चं शेपूट बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक होतं, त्याच्या डाव्या अंगाला सुईने खरवडल्यासारख्या रेघा होत्या आणि त्या रेघांच्या खाली ८ च्या खालच्या गोलाची पुसट सावली. नाणं खरं, चांदी खरी, वजन खरं, फक्त वर्ष कोरून बदललेलं. काका एवढंच म्हणाले, "वजन परफेक्ट असणारच ना बाई, १९३८ चंही तेवढंच असतं."

तेव्हापासून मी एक बघते, की वर्णनात ज्या गोष्टीची गॅरंटी आहे ती गोष्ट किमतीला कारणीभूत आहे का. १९३९ च्या रुपयाची किंमत चांदीमुळे नाही, ९ मुळे आहे, आणि ९ ची गॅरंटी कुणीच दिलेली नव्हती. अशा महाग वर्षाच्या नाण्याला सालाच्या आकड्याचा जवळून घेतलेला फोटो मागायचा, नाही दिला तर सोडायचं. नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद असेल तर डबीवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर जाऊन टाका आणि तिथला फोटो असेल तर ओरखड्यासकट जुळवा, डब्यासुद्धा नकली निघतात.

आणि हो, 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८, राम-सीता-हनुमान' अशी तांब्याची नाणी लाखाच्या बोलीने फिरतात ना, कंपनीने तसली नाणी कधी पाडलेलीच नाहीत. देवाचं चित्र आहे म्हणून देवघरात ठेवा, पैसे मात्र देऊ नका.

प्रश्न (नेरूळ): मी जुन्या पितळी दिव्यांच्या लिलावात भाग घेते. शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी एक 'न्यू युजर' माझ्यावर बोली चढवत राहतो, मी थांबले की तोही थांबतो. दोन वेळा तर दुसऱ्या दिवशी सेलरचा मेसेज आला की जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या शेवटच्या बोलीला घेता का? हा योगायोग आहे का?

उत्तर: एकदा योगायोग असू शकतो, दोनदा झालं म्हणजे तो न्यू युजर सेलरच्या घरातलाच असण्याची शक्यता मी जास्त धरेन. आपल्याकडे १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये लिलावासाठी ६४ वं कलम आहे, त्यात स्पष्ट आहे की किंमत चढवायला खोटी बोली लावली असेल तर तो सौदा रद्द करायचा हक्क घेणाऱ्याला आहे. सिद्ध करणं अवघड, ते खरंय. पण 'सेकंड चान्स'चा मेसेज आला तर तुमच्या शेवटच्या बोलीला कशाला घ्यायचं, तो न्यू युजर यायच्या आधी तुमची जी बोली होती त्या किमतीला घेते असं कळवा. खरा विकणारा बहुतेक तयार होतो.

आणि बोलीच्या आकड्यावर जाऊ नका बरं. बरीच लिलावघरं हातोडा पडलेल्या किमतीवर स्वतःचं प्रीमियम घेतात, मग जीएसटी, मग कुरिअर. समजा ८,००० ला दिवा सुटला आणि प्रीमियम १५ टक्के असेल तर ९,२०० इथेच झाले, बाकीचं पुढे. हे नियमांच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं, लॉटच्या वर्णनात नसतं.

प्रश्न (कळवा): वडिलांकडे होतं तसं एचएमटी जनता घड्याळ घ्यायचंय. लिलावात "न्यू ओल्ड स्टॉक, अनयूज्ड, फॅक्टरी कंडिशन" अशी दहा-बारा दिसतात, निळी, हिरवी, भगवी डायल, सगळी चकाचक. घेऊ का?

उत्तर: वडिलांचं भगवं होतं का? मग झालं तर.

एचएमटीची घड्याळं १९६१ पासून, सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने बनायला लागली आणि घड्याळांची कंपनी २०१६ मध्ये बंद झाली. दुकानात न विकलेला जुना माल अधूनमधून निघतो हे खरं, पण तो असा इंद्रधनुष्याच्या रंगात डझनाने निघत नाही. हे बहुतेक जुनं यंत्र, नव्याने रंगवून छापलेली डायल, कुठल्या तिसऱ्याच घड्याळाचे काटे आणि पॉलिश मारलेली केस. अशा जुळवाजुळवीच्या घड्याळांना जगभरचे घड्याळवाले 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्या शहराच्या नावाने एवढं मानाचं पान कुणी वाढलं नव्हतं.

फोटोत डायलवरची अक्षरं मोठी करून बघा. नवी छपाई असेल तर अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा काठाशी नीट जुळत नाहीत, तळाची बारीक ओळ अर्धी कापलेली किंवा गायबच असते. मग मागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो मागा. डायल कोरीकरकरीत आणि आत स्क्रूंच्या खाचा दहा वेळा पिळलेल्या असतील तर अनयूज्ड कसलं. रोज घालायला हवं असेल तर असं घड्याळ घ्यायला माझी काही हरकत नाही, वेळ चांगली दाखवतात, फक्त किंमत जुळवाजुळवीची द्या.

प्रश्न (कोपरखैरणे): गांधीजींचं १९४८ चं दहा रुपयांचं तिकीट "मिंट" म्हणून लिलावात आहे. मिंट म्हणजे कोरं ना?

उत्तर: मिंट म्हणजे शिक्का न पडलेलं, एवढंच धरा. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या चार तिकिटांतलं ते सगळ्यात मोठ्या किमतीचं, स्वित्झर्लंडला छापलेलं, आणि त्याची किंमत पुढच्या चेहऱ्याइतकीच मागच्या डिंकावर ठरते. अल्बममध्ये कागदी बिजागरी (तिकीट चिकटवायची छोटी पट्टी) लावून ठेवलेलं असेल तर डिंक खराब होतो, मग काहीजण नवा डिंक फासून 'मिंट' लिहितात. सेलरला विचारा की कधीच बिजागरी न लागलेलं आहे का आणि डिंक मूळचा आहे का, आणि पाठीचा फोटो घ्या. नवा डिंक भोकांच्या दातांत उतरून टोकं कडक झालेली असतात, मूळ तिकिटाची टोकं मऊ कागदी असतात. पाठीचा फोटो न देणाऱ्याला नमस्कार.

प्रश्न (वाशी): न्यू जर्सीच्या भाच्याला वाढदिवसाला १९१२ चा रुपया द्यायचाय, लिलावातला सेलर म्हणतो "वर्ल्डवाइड शिपिंग, नो इश्यू".

उत्तर: इश्यू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणंही पुरावस्तूत येतं आणि ते देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला परवानगी नाही. भाचा इकडे आला की हातात घेऊन बघू दे, आणि नाणं इथेच ठेवा.

प्रश्न (घोडबंदर रोड): ऑनलाइन लिलावात चांदीचं म्हणून घेतलेलं अत्तरदान व्हाइट मेटलचं निघालं. सेलर म्हणतो लिलावातला माल परत घेत नाही, तसं खाली लिहिलंय. १४,५०० गेले का?

उत्तर: लगेच सोडून देऊ नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता का ते तुम्ही लिहिलेलं नाही, नसेल तर आता निदान सोनाराकडून धातूचा लेखी रिपोर्ट घ्या, लिस्टिंगचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा (उद्या ती लिस्टिंग असेलच असं नाही) आणि ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. त्याच नियमांत हेही आहे की जाहिरातीत सांगितलं तशी वस्तू नसेल तर सेलरला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, त्यामुळे 'परत घेत नाही' ही ओळ वस्तू न आवडल्यावर चालेल, चांदीच्या जागी व्हाइट मेटल दिल्यावर तिच्यामागे लपता येत नाही.

तिथे दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यापुढे ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. सेलर जयपूरचा असो की कोलकात्याचा, २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

हे सगळं ॲपवर, बिल घेऊन केलेल्या खरेदीचं झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा दाखवून लागणाऱ्या बोल्या आणि कुणाच्या तरी मेहुण्याच्या नंबरवर यूपीआय, तिथे बिल नाही, तक्रार अधिकारी नाही, कधीकधी सकाळी ग्रुपच नसतो. सरळसरळ पैसे घेऊन पळाला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

प्रश्न (दिवा): आमच्या आत्याला मेसेज आलाय की ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट रिझर्व्ह बँक लिलावात पाच लाखांना घेणार, आधी १,९९९ रजिस्ट्रेशन. ती माझं ऐकत नाही, छापून आलं तर ऐकेल.

उत्तर: आत्या, हे तुमच्यासाठी. रिझर्व्ह बँक असल्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नाही आणि कुठली फी किंवा कमिशन मागत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय. नोट खर्चून भाजी आणा, पाच रुपयांना अजून चालते. भाचा शहाणा आहे.